वाद्यावाचून वाजलेला कर्णा

एका राज्यात तीन दारांचा गड होता. पहिलं दार शिंगाच्या आवाजाने उघडे, दुसरं तुतारीच्या, आणि तिसरं लांबलचक कर्ण्याच्या. हाताने ती दारं हलत नसत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी ही वाद्यं वाजवावीत, असा तिथला रिवाज होता.

एकदा कालजंघ नावाचा मांत्रिक फाटकी घोंगडी पांघरून आला. वाजंत्र्यांना तो भिकारी वाटला. कोणी वाद्य ओठाला लावलं नाही. मांत्रिक गरजला, "माझ्यासाठी वाजलं नाही, ते आता कोणासाठीच वाजणार नाही! वाद्यावाचून ही वाद्यं वाजतील आणि तिन्ही दारं उघडतील, तेव्हाच गड जागा होईल. दसऱ्याचा सूर्य मावळला की दगड तो दगडच."

तत्क्षणी वाद्यं मुकी झाली, दारं मिटली. आतला राजा, प्रजा, पाळण्यातली मुलं, सारी दगडाची झाली. त्याच गडावरच्या लुमाजीची बायको हौसासुद्धा.

लुमाजी तेव्हा परगावच्या जत्रेत होता. बाप तुतारी नि कर्णा वाजवणारा. पण लहानपणी पडून लुमाजीचे पुढचे दात गेले आणि वाद्यात फुंक ठरेना. मग तो ओठ, गाल नि गळा यांनीच शिंग-तुतारी वाजवू लागला. लोक हसत. हौसा म्हणे, "धनी, तुमची तुतारी चिंचेने घासावी लागत नाही, हे बरं." तीही हसे, पण शेवटपर्यंत ऐके.

तो परतला तेव्हा दसऱ्याची दुपार कलली होती. तटावर एक साळुंकी बसली होती. तिने शाप ऐकला होता; तो तिने मांत्रिकाच्याच आवाजात ऐकवला.

"तू जमवशील?" तिने विचारलं.

"हौसा आत आहे," लुमाजी म्हणाला, आणि त्याने गाल फुगवले. शिंगाचा घोगरा हुंकार डोंगरावर आदळला. पहिलं दार उघडलं.

दुसऱ्या दारापुढे त्याने तुतारी वाजवली. स्वच्छ, रेशमासारखी. दार ढिम्म! पुन्हा वाजवली. ओठ फुटून रक्त आलं, दार हललं नाही.

"भलतीच गोड," साळुंकी म्हणाली. "मी नक्कल करणारी जात. मला विचार. खरी तुतारी अशी सुरू होते का?"

लुमाजीला बाप आठवला. आधी 'फुर्र' करून तो नळीतली थुंकी उडवी, मगच सूर लावी. ते 'फुर्र' लुमाजीने पुढे गाळून टाकलं होतं, कारण लोक त्यालाच सर्वांत जास्त हसत. आता तो लाजला नाही. 'फुर्र' केलं आणि तुतारी ललकारली. दार उघडलं.

"थुंकी माझ्या पंखावर उडाली!" साळुंकी ओरडली.

तिसऱ्या दाराबाहेर, पाहुण्यांच्या चौथऱ्यावर, मंत्राच्या बळाने तिथवर आलेला कालजंघ बसला होता.

"कर्ण्याला छातीभर श्वास लागतो," तो म्हणाला. "तुझ्या खिंडारातून तो गळून जाईल."

 लुमाजीने राजाच्या स्वारीसाठी वाजतो तसा कर्णा वाजवला, 'फुर्र'सकट. दार बंदच. सूर्य डोंगराला टेकला. दाराच्या फटीतून हौसा दिसत होती. दगडी हात कानाशी नेलेला, जणू काही ऐकू येतंय का पाहत होती.

लुमाजी थांबला. राजा तर आत आहे. मग दाराबाहेर कोण आलं आहे?

त्याने पागोटं सारखं केलं आणि मांत्रिकाला मुजरा केला. "महाराज, आपलं स्वागत राहून गेलं होतं."

मग त्याने पाहुण्याचा कर्णा वाजवला. छाती फाटेपर्यंत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. सूर गळाला नाही. कालजंघ हळूहळू उभा राहिला. त्याने घोंगडी नीट केली, जटा मागे सारल्या.

"उशिरा वाजला," तो पुटपुटला. "पण वाजला."

दार उघडलं. दगडांना रंग चढला, पाळणे रडू लागले. राजा स्वतः पुढे आला आणि मांत्रिकाचे पाय धुऊन त्याने त्याला आत नेलं.

हौसा डोळे चोळत आली. "धनी, कर्णा कोणी वाजवला?"

"मी."

"तुम्ही? आणि फुर्र?"

"तेही मीच."

यावेळी ती हसली नाही. पदराने तिने त्याच्या ओठावरचं रक्त टिपलं.

तेव्हापासून त्या गडावर, येणाऱ्याची घोंगडी फाटकी असो की शेला जरीचा, आधी 'फुर्र' होतं, मग कर्णा वाजतो. तुमच्याआमच्या येण्यालाही असाच कोणी श्वास भरून उभा असो.