विमलताईंच्या मेळाव्यात भांडण झालं नाही

नांदवली गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव सोपान. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा. त्यामुळे त्याला कुणी काम सांगत नसे.

जिल्ह्याच्या गावी मोघेसाहेब म्हणून एक गृहस्थ होते. ते वधू-वर सूचक केंद्रांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम तयार करून विकत. स्वतः खुर्चीतून उठणं त्यांना आवडत नसे. त्यांनी सोपानला नोकरीवर ठेवलं, हातात एक सीडी दिली आणि सांगितलं, "केंद्रात जायचं, प्रोग्राम बसवायचा, अडलं की मला फोन करायचा." सोपान म्हणाला, "बरं, साहेब."

पहिलंच काम नांदवलीच्या विमलताई साखळकरांचं निघालं. ताईंच्या केंद्रात चारशे बारा स्थळं नोंदवलेली होती. रविवारी मेळावा होता. समाजाचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी ताईंना स्पष्ट बजावलं होतं की या मेळाव्यात दहा लग्नं जुळली नाहीत तर केंद्राला कुलूप. वीस वर्षांत ताईंनी कुणाचं गोरेपण वाढवून सांगितलं होतं, कुणाचं वय कमी करून सांगितलं होतं, पण केंद्र चालवलं होतं. ते आता या रविवारावर येऊन ठेपलं होतं.

मंगळवारी सोपानने सीडी घातली. पडद्यावर अक्षरं आली की या यंत्रात आधीच एक जुनं इंजिन आहे, नव्याचं त्याच्याशी जमत नाही. ते जुनं इंजिन, म्हणजे प्रोग्राम आतून चालवणारा भाग, ताईंच्या पत्रिका जुळवण्याच्या प्रोग्रामचं होतं. सोपानने फोन लावला. मोघेसाहेब जेवत होते. ते म्हणाले, "अरे, आधी जुनं काढ, मग नवं बसव."

"बरं, साहेब."

सोपानने खोलीभर नजर फिरवली. जुनी खुर्ची ओसरीवर नेली. जुनं कपाट ओढत नेलं. जुनं घड्याळ उतरवलं. मग कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले ताईंचे सासरे अण्णा दिसले. वय एक्क्याऐंशी. सोपानने त्यांना दंडाला धरून अदबीने ओसरीवर नेऊन बसवलं आणि पुन्हा सीडी घातली. पडद्यावर तीच अक्षरं. सोपान ओसरीवर आला आणि त्याने अण्णांना विचारलं, "तुमच्यापेक्षा जुनं घरात आणखी काही आहे का?"

अण्णांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोघेसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. जुनं म्हणजे यंत्रातलं जुनं, असं त्यांनी समजावलं. आणि वर सांगितलं, की काहीही काढण्याआधी त्याची प्रत घ्यायची असते, हे जन्मभर विसरू नकोस. सोपान म्हणाला, "बरं, साहेब."

बुधवारी सकाळी तो केंद्रात पोचला. ताई दारातूनच म्हणाल्या, "चपला बाहेर काढ रे." सोपान थबकला. तसाच मागे फिरला. बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेला, चपला काचेवर ठेवल्या, झाकण दाबलं आणि दोन प्रती घेऊन आला. मग चपला बाहेर काढल्या. आत गेला आणि यंत्रातलं जुनं इंजिन काढून टाकलं. प्रत घेऊन झालीच होती.

पत्रिकेचा प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडला. मंगळ कुणाला आहे आणि कुणाला नाही हे कळायला मार्ग उरला नाही. ताईंना घाम फुटला. मोघेसाहेबांनी फोनवर विचारलं, "काढण्याआधी प्रत घेतली होतीस ना?"

"घेतली साहेब. दोन्ही पायांची."

नशिबाने ताईंच्या कपाटात पत्रिकेची मूळ सीडी निघाली. कपाट अजून ओसरीवरच होतं. जुनं इंजिन परत घातलं गेलं. आता मोघेसाहेबांनी नवी युक्ती सांगितली. नवा प्रोग्राम बसवताना दुसरं काही चालू ठेवायचं नाही, चालू असेल ते सगळं बंद करायचं. सोपान म्हणाला, "बरं, साहेब."

गुरुवारी त्याने पंखा बंद केला. पाण्याची मोटार बंद केली. अण्णांचा रेडिओ बंद केला. स्वयंपाकघरात पोहे होत होते, तो गॅस बंद केला. शेजारी पिठाची गिरणी चालू होती. तिथे जाऊन त्याने गिरणीवाल्याला हात जोडून विनंती केली आणि तो डबे मोजत असताना खटका पाडला. शेवटी घरात येऊन वीज आणणारा मोठा खटकाच पाडला. मग तो यंत्रापुढे मांडी घालून बसला. तासभर पडदा काळाच राहिला. ताईंनी खिडकीतून गिरणीवाल्याची समजूत घातली. पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

शुक्रवारी मोघेसाहेब फोनवर एकेक शब्द सुटा सुटा बोलले. "सोपान, ऐक. काही काढू नकोस. काही बंद करू नकोस. जुनं आणि नवं एका जागी आली की भांडतात. जुन्याला त्याच्या फोल्डरमध्ये राहू दे. नव्याला दूर वेगळा फोल्डर कर. एकाला दुसरं दिसता कामा नये. मग बघ, भांडण होणार नाही."

"बरं, साहेब."

आणि खरोखर, दहा मिनिटांत नवा प्रोग्राम बसला. पत्रिकाही उघडल्या. चारशे बारा स्थळं ओळीने पडद्यावर आली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी सोपानला खुर्ची दिली. सोपानला आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट समजली होती, आणि ती त्याने घट्ट धरून ठेवली.

शनिवारी ताई आचाऱ्याच्या मागे होत्या. त्यांनी सोपानला सांगितलं, "यादी तुझ्याच यंत्रात आहे. कुणी कुठे बसायचं ते तूच ठरव आणि सगळ्यांना मोबाइलवर कळव. एवढंच बघ की भांडण नको. मागच्या वर्षी मुलाकडचे आणि मुलीकडचे चहावरून भांडले होते."

सोपान म्हणाला, "बरं, ताई. भांडण होणार नाही."

रविवारी दहा वाजता ताई नवी पैठणी नेसून मंगल कार्यालयात उभ्या राहिल्या. मुलगे आले. त्यांचे वडील आले, मामा आले. दोनशे सहा मुलगे केस विंचरून ओळीत बसले. बारा वाजले. मुलांच्या वडिलांनी एकमेकांच्या मुलांचे पगार विचारून घेतले. मुलगी एकही नव्हती. बापूसाहेब पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होते.

ताईंनी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "सोपान, मुली कुठे आहेत?"

"दुसऱ्या फोल्डरमध्ये, ताई. नदीपलीकडच्या शाळेत. दोनशे सहाच्या दोनशे सहा आल्यात. तुम्ही निर्धास्त राहा, इथून कार्यालय दिसतसुद्धा नाही."

ताईंच्या हातातून फोन बापूसाहेबांनी घेतला. त्यांनी दरडावून विचारलं, किती लग्नं जुळली?

सोपान आनंदाने म्हणाला, "लग्न एकही नाही, साहेब. पण भांडणही एक नाही."