बोलका रांजण आणि पदरातले हिरडे

एकदा काय झालं, डोंगराच्या अलीकडे होतं रंगाऱ्यांचं गाव आणि पलीकडे विणकरांचं. रंगाऱ्यांकडे एक बोलका रांजण होता. त्यात सूत बुडवलं की निघायचं लालभडक. त्या सुतावर अख्खं गाव जगायचं. पण तिथली रीत मोठी विचित्र, बरं का! रंगाची युक्ती शिकवायची ती सुनेला, लेकीला नाही. लेक सासरी गेली की विद्याही डोंगर ओलांडेल ना!

रांजण सांभाळायची तानूबाई. तिची लेक बयजा भारी चौकस. मंजिष्ठेची लाल मुळी किती घालायची, पाणी कधी तापवायचं, सारखं विचारायची. आई म्हणायची, "तुला काय करायचंय गं?" मग पोरगी दाराच्या फटीतून बघायची. बघता बघता शिकली की सगळं!

मग बयजाचं लग्न झालं. ती पलीकडे विणकरांकडे नांदायला गेली. आणि इकडे रांजणाचा रंग उतरला. लाल जाऊन गुलाबी आला, गुलाबी जाऊन फिकट. गिऱ्हाईक फिरकेना. चुली थंडावल्या. रांजण कुरकुरला, "तेच तेच किती खाऊ? काही नवं घाल बाई."

तानूबाईने मध घातला. रांजण म्हणाला, थू! मग पायातले चांदीचे तोडे घातले. थू! आता काय घालावं?

तेवढ्यात बयजा माहेरपणाला आली. पदरात हिरडे. म्हणाली, "आई, मी सासरी रंग शिकवला. त्यांनी मला हे दिलं. सूत ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात."

झालं! गाव चवताळलं. "घरभेदी मेली! हाकला तिला!" बयजा रडू लागली. तानूबाईने लेकीला पाठीशी घातलं. खड्ड्यात गेली रीत, म्हणाली, आणि हिरडे कुटून ओतले रांजणात.

रांजण गदगदा हसला. सूत निघालं ते असं लाल, की जास्वंदीने लाजावं! मग अलीकडे रंग चढला, पलीकडे लाल लुगडी निघाली. दोन्हीकडे बाजार भरू लागले. कुणाचं काही कमी झालं नाही हो.

तानूबाईने लेकीला जवळ बसवलं. "बयजे, रंगाचं सगळं आता मी नीट शिकवते. पण आधी तू सांग, तुझ्या सासरी आणखी काय काय करतात गं?"

दोघी बोलतच बसल्या. दोन्ही गावं सुखानं नांदली. आणि तुम्ही रे, अजून जागेच? मिटा बघू डोळे.