ज्ञानू सुतारानं केलेलं हापिस

आमच्या बोरजाईवाडीत एक भोळा सुतार होता. होता म्हणजे अजून आहे. तो मीच. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो काठी घेऊन आला असता, म्हणून आपलंच घेतलं. आईनं माझं नाव ज्ञानू ठेवलं. तिची काही चूक नाही, तेव्हा मी बोलत नव्हतो. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढं मास्तर मला कंटाळले आणि मी मास्तरांना.

तर आमचं गाव आणि ओढ्यापलीकडचं पिंपळखोरा, दोघांचा मिळून हळदीचा संघ निघाला. संघाचं हापिस कुठं असावं? दोन्ही गावं म्हणायची, आमच्याकडं. आमच्या बायका संघाची हळद निवडायच्या. हापिस पलीकडं गेलं तर त्यांना रोज ओढा तुडवत जायचं. संघाचे साहेब म्हणाले, "दोघंही जागा तयार करा. सामानाचा खर्च संघ देईल. शिमगा झाला की बघायला येतो. ज्याचं हापिस चांगलं, त्या गावात संघ."

आमच्या गावच्या म्होरक्या गोदाक्का. बाई जिद्दीची. त्यांनी जुनं गोदाम मोकळं केलं, शहरातून नकाशा काढणारी मॅडम आणली आणि सुतार म्हणून मला धरलं. का, तर गावात दुसरा सुतार नाही.

मॅडम भली पोरगी. म्हणाली, "ज्ञानूकाका, सगळी कामं सारखी नसतात. हिशेबाला शांतता लागते. बैठकीला मोठी जागा लागते. शेतकरी आला तर बोलायला खिडकी लागते. म्हणून काहीच कायमचं ठोकून टाकायचं नाही. काम बदललं की जागा बदलता आली पाहिजे. टेबलांना चाकं लावा. आणि लाकूड नवं नको, जुनंच वापरा. तेवढंच झाड वाचतं."

"बरं," मी म्हणलं.

मोडक्या बैलगाडीचं लाकूड काढलं, टेबल केलं, चाकं लावली. खुर्चीलाही लावली, कुणी नको म्हणलं नव्हतं. गोदामाची फरशी दाराकडं उतरती, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. हिशेबनीस नागनाथ येऊन बसला, त्यानं टेबलावर कोपर टेकलं, आणि टेबल निघालं. टेबलामागं नागनाथ निघाला. दोघं दारातून बाहेर पडले ते समोरच्या उकिरड्यात जाऊन थांबले. नागनाथाच्या हातात पेन तसंच होतं.

"मेल्या ज्ञान्या, माणूस मारशील!" गोदाक्का ओरडल्या.

मॅडम म्हणाली, "काका, जे सरकतं त्याला अडकण लावायची असते."

"आधी सांगायचं."

"आता सांगितलं ना?"

"बरं."

पुढं सरकती भिंत करायची होती. बैठक असली की उघडायची, हिशेब असला की ओढून घ्यायची. पडक्या शाळेच्या दारांची केली. लोण्यासारखी सरकायची. सरकती म्हणून लगेच अडकण लावली. बाहेरून पाचरच ठोकली. गोदाक्का आत उभ्या राहून जागा बघत होत्या. मी घरी जेवायला गेलो. भाकरी खाल्ली, जरा पडलो. परत आलो तेव्हा आतून शिव्या चालू होत्या आणि त्या माझ्या आजोबांपर्यंत पोचल्या होत्या.

मॅडम म्हणाली, "काका, आत माणूस आहे का ते बाहेरून दिसायला पाहिजे. मधे काच बसवायची."

"बरं."

त्यानंतर काम आलं संडासाच्या दाराचं. घरी जुन्या खिडकीची काच पडून होती, तीच बसवली. झाड वाचावं म्हणून. नागनाथ आत गेला. बाहेर हळद निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. बायकांना नागनाथ दिसला. नागनाथाला बायका दिसल्या.

एकीनं विचारलं, "भाऊजी, बरं आहे नव्हं?"

त्यानंतर नागनाथ कामाला यायला तयार होईना. गोदाक्कांनी त्याच्या आईला मधे घालून आणला.

मॅडमनं कपाळाला हात लावला. "काका! माणूस जिथं एकटा बसतो तिथं चारी बाजूंनी बंद करायचं. नजर नको, आवाज नको."

"असं नीट सांगत जा की," मी म्हणलं. मलाही राग येतो.

आता राहिली शेतकऱ्यांशी बोलायची खिडकी. तिथं नागनाथ एकटाच बसायचा. मी त्याला आत बसवलं, चारी बाजूंनी फळ्या मारल्या आणि फटींत हळदीची जुनी गोणपाटं कोंबली. शेतकरी आला. "कोण आहे का आत?" आतून आवाज नाही. गोणपाट झकास बसलं होतं. शेतकरी म्हणाला, "यांचं काय खरं नाही," आणि पिंपळखोऱ्याला गेला.

फळ्या काढल्या तर नागनाथ शिंकत बाहेर आला. नखशिखांत पिवळा, मुंडावळ्या तेवढ्या बाकी.

"आता याचं लग्न कुणाशी लावू रे?" गोदाक्का म्हणाल्या.

शेवटी मॅडम माझ्या शेजारी बसून राहिली. हातातला पटाशी-हातोडा सोडून मी तिच्या तोंडाकडं बघायचो, मग एकेक सांधा जोडायचो. खोटं कशाला बोलू, हापिस देखणं झालं. उजेड आत, वारा आत, हिशेबाला कोपरा, बैठकीला ऐसपैस जागा. बायका येऊन भिंत सरकवून बघायच्या आणि हसायच्या. गोदाक्का मला चक्क चहा द्यायला लागल्या.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मॅडम शहराला निघाली. जाताना म्हणाली, "काका, बैठकीचं सामान खिळ्याशिवाय जोडलंय, ते उकलण्यासाठीच. काम संपलं की पसारा ठेवायचा नाही. उकलायचं, बांधायचं, एका बाजूला रचायचं. जागा मोकळी दिसली पाहिजे."

"बरं."

मी विचार केला. माझं काम संपलं का? संपलं. अगदी सगळं संपलं. सकाळी लवकर जाऊन कामाला लागलो.

साहेब आले. गोदाक्का ओवाळायचं ताट घेऊन पुढं. पिंपळखोऱ्याचा म्होरक्या गजाबा आपली माणसं ट्रॉलीत भरून बघायला आला. दार उघडलं. आत लख्ख मोकळी जागा.

"हापिस कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"हे काय," मी म्हणलं, "भिंत या थप्पीत. टेबलं त्या थप्पीत. हिशेबाची खोली सुतळीनं बांधलीय ती."

"हे परत उभं करता येतं?"

"कुठंही, साहेब! तीच तर खुबी."

गजाबा पुढं सरकला. "ज्ञानूमामा, आमच्या गोदामातसुद्धा?"

"तिथं तर उजेड जास्त येतो," मी म्हणलं.

गोदाक्कांच्या हातातलं ताट कलंडलं.

साहेब म्हणाले, "चला, सामान संघाच्याच खर्चाचं आहे आणि बांधूनही झालंय. पिंपळखोऱ्यातच लावू."

गजाबाच्या माणसांनी ट्रॉली दाराला लावली. आमची माणसं नुसती उभी. मला राग आला. "बघता काय? हात लावा! मी एकटा किती उचलू?" कुणी हात लावला नाही. नागनाथ तर तोंड फिरवून उभा.

ट्रॉली भरली. ड्रायव्हर म्हणाला, "एवढं ओझं घेऊन ओढ्यातून कुठनं जायचं हो? चिखलात रुतायचं."

आमच्या गावातलं कुणीच सांगेना. मग वाट दाखवायला मीच पुढं चढून बसलो.