तिळाचा सर्वांत चढा भाव

"यंदा तिळाला सर्वांत चढा भाव कोणत्या दिवशी मिळेल?" करंजगडच्या भूपतराव राजांनी भर दरबारात विचारलं. "तो दिवस सांगा. त्याच दिवशी मी कोठार उघडीन. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही!"

राजांचं कोठार शेतसाऱ्यात आलेल्या तिळानं आढ्यापर्यंत भरलं होतं. गेल्या वर्षी पीक उदंड झालं, रुपयाला दहा शेर तीळ मिळू लागले, तेव्हा राजे म्हणाले, "थांबू." यंदा परतीच्या पावसानं शेतात वाळत ठेवलेल्या पेंढ्या जागीच काळ्या पडल्या आणि रुपयाला सातच शेर मिळू लागले. राजे म्हणाले, "आणखी थांबू." मग घाटाखालच्या बंदराला अरबांची गलबतं लागली. त्यांना तीळ हवे होते, मिळतील तितके! रुपयाला चारच शेर मिळू लागले. राजांना फार आनंद झाला, आणि त्यांची झोप उडाली. आज विकावं आणि उद्या तीन शेर झाले तर?

राजजोशींनी पंचांग पाहून मंगळवार सांगितला होता. मंगळवारी लख्ख ऊन पडलं आणि भाव उतरला. मग त्यांनी शुक्रवार सांगितला. शुक्रवारी ढग आले, भाव चढला. पण शनिवारी त्याहून चढला. रविवारपासून जोशीबुवा आजारी होते.

शेवटी कोतवाल पुढे झाला. "महाराज, तेलीआळीतली आवडा तेलीण काल पाणवठ्यावर म्हणत होती, भाव काय पंचांग वाचून चढतो?"

"असं म्हणाली? आणा तिला!"

आवडाला आणलं तेव्हा तिच्या हाताला तेलाचा वाससुद्धा नव्हता. तीळच मिळेनात, म्हणून तिचा घाणा वीस दिवस बंद होता. बैल बसून खाऊन लठ्ठ झाला होता. दिवाळी दहा दिवसांवर आली होती, आणि अख्ख्या गावात पणतीपुरतं तेल नव्हतं.

"तू फार शहाणी दिसतेस," राजे म्हणाले. "मग सांग तो दिवस. चुकलीस तर घाणा जप्त, आणि तू राज्याबाहेर!"

वीस दिवस रिकामं बसून तिनं बाजाराचाच विचार केला होता. ती म्हणाली, "सांगते, महाराज. पण आधी एक दवंडी पिटवा. उद्या सकाळी सरकारी कोठाराचं दार उघडणार म्हणावं."

"आणि तीळ विकायचे?"

"छे! दाणासुद्धा विकू नका. नुसतं दार उघडा."

नुसतं दार उघडायला काय जातं? राजांनी दवंडी पिटवली.

सकाळी कोठाराच्या दाराचा करकराट साऱ्या पेठेनं ऐकला. ज्या व्यापाऱ्यांकडे 'तीळ संपले' होते, त्यांच्याकडे ते अचानक सापडले! कुणी माळ्यावरून पोती उतरवली, कुणी देवघरामागून ओढली. राजांचा माल बाजारात यायच्या आत आपला खपवायची एकच घाई उडाली. घटकाभरात रुपयाला पाच शेर झाले. न्याहारीच्या वेळी सहा. दुपारी सात!

राजे घोडा दौडवत पेठेत आले. आवडा रिकामी पाटी घेऊन पिंपळाच्या पारावर बसली होती.

"तेलिणी! हे काय केलंस? काल रुपयाला चार शेर होते!"

"होते ना, महाराज. हाच तो दिवस. सर्वांत चढा भाव कालचा."

"काल? पण काल मी तीळ विकलेच नव्हते!"

"म्हणून तर भाव चढा होता."

घोड्यानं पाटीत तोंड घालून पाहिलं. पाटी रिकामी होती.

"दार पुन्हा बंद करतो," राजे म्हणाले. "भाव पुन्हा चढेल."

"चढेल की. आणि पुन्हा उघडाल त्या दिवशी पुन्हा उतरेल. यंदाच्या साऱ्या पिकापेक्षा तुमच्या कोठारात तीळ जास्त, महाराज. पाऊस भाव हलवतो, गलबतं हलवतात, पण तुमच्या दाराइतका कुणी हलवत नाही."

"मग मी थांबतो. थांबायला मला कुणाची भीती?"

"थांबा. पण वारा फिरायला लागलाय. पंधरा दिवसांत अरब शिडं उभारून जातील. मग गिऱ्हाईक उरेल ते उंदरांचं. ते भाव विचारत नाहीत."

राजांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे खदखदून हसले की घोडाच दोन पावलं मागे सरला!

"कारभारी!" ते ओरडले. "उद्यापासून विक्री सुरू! निम्मे तीळ बंदरावर, निम्मे गावातल्या घाण्यांना!" मग ते आवडाकडे वळले. "आणि तुला बक्षीस. शंभर रुपयांचे तीळ घे. बोल, कालच्या भावानं देऊ की आजच्या?"

आवडानं पाटी उचलून काखेला लावली आणि पदर सावरला.

"उद्याच्या भावानं द्या, महाराज!"

राजे पुन्हा हसू लागले. दुसऱ्या दिवशी भाव रुपयाला नऊ शेर झाला, आणि आवडाच्या दारात तिळाच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.