डावखुऱ्या हाताची सुरी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक लोहार राहत होता. तो फक्त सुऱ्या करायचा, आणि त्याही मागणीप्रमाणे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला त्याचं रोजचं काम करायला बसवायचा आणि अर्धा दिवस नुसता त्याचा हात बघत राहायचा. मग कागदावर सुरीचा आकार काढायचा. लोकांना हे खूळ वाटे, पण सुरी हातात आली की बोलणी बंद होत. प्रत्येक पात्यावर तो तीन ठिपक्यांची खूण ठोकायचा.

एका सुरीला आठ दिवस लागत. हात चालला तर चूल पेटायची, एवढीच त्याची मिळकत.

एकदा त्याने एका बुरडिणीसाठी बांबू सोलायची सुरी केली. मूठ जराशी वळलेली आणि धार एकाच बाजूने. शहरातल्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली आणि तो थेट लोहाराच्या दारात येऊन बसला.

"दादा, हा आकार मला द्या. मी कारखान्यात हजार सुऱ्या करून घेतो. दर सुरीमागे तुमचा वाटा. खूण मात्र तुमचीच हवी."

"शेठ, ती बाई डावखुरी आहे," लोहार म्हणाला. "उजव्या हातात ही सुरी बोटाकडे वळेल. महिनाभर थांबा, उजव्या हाताची काढून देतो."

"सण तोंडावर आलाय. थांबलो तर माझं दुकान बसेल."

"मग निदान डावखुऱ्यांची आहे असं सांगून विका."

"असं सांगितलं तर घेणार कोण?"

आतून लोहाराची बायको म्हणाली, "अहो, एकीच्या हाताची सुरी सगळ्या गावाला कशी चालेल?"

"आकार माझाच आहे ना?" लोहार म्हणाला आणि त्याने कागद देऊन टाकला. आकार त्याचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं.

सुऱ्या धडाधड खपल्या. घरबसल्या पैसे येऊ लागले, भट्टी थंड पडली, आणि लोहार पहिल्यांदाच दुपारी झोपू लागला.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक माळी आला. तो आंब्याची कलमं बांधायचा. अंगठ्याला जाडजूड फडकं गुंडाळलेलं होतं.

"तुमच्याकडे माझा नंबर चार महिन्यांनी होता," तो म्हणाला. "बाजारात तुमची खूण दिसली, म्हणून घेऊन टाकली. यंदाची कलमं गेली माझी."

"घेताना चालवून नाही का पाहिली?"

"तुमची खूण होती की, दादा."

लोहाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी तो शहरात गेला, खूण काढून घेतली आणि वाटाही सोडला. मग त्याने माळ्याचा हात नीट पाहिला आणि आठ दिवस खपून त्याच्यासाठी फुकट सुरी केली.

माळ्याने ती घेतली. अंगणातली एक काडी उचलली आणि दुखरा अंगठा लांब धरून ती हळूहळू तीनदा कापून पाहिली. लोहाराच्या दारात सुरी तपासून घेणारा हा पहिलाच माणूस. लोहाराच्या मनाला ते फार लागलं.

"आणखी एकदा बघा," तो म्हणाला.

माळ्याने आणखी एकदा पाहिली.

तात्पर्य: आपली कल्पना खुशाल विकावी, पण ती कोणासाठी होती हे लपवून विकली, तर तिच्याबरोबर लोकांचा विश्वासही विकला जातो.