रेडकाचा दुसरा भाग

बोरजाईवाडीत गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर ‘जरा हात चालव’ म्हटलं की जागेवर उभा राहून हात हलवायचा. असा माणूस कामाला ठेवावा तरी कुठं? तात्या शिंगट्यांनी त्याला आपल्या तंबू टॉकीजच्या दारावर ठेवला. तिकीट फाडायला काही अक्कल लागत नाही, असं तात्यांचं मत होतं. ते पुढं बदललं.

गेल्या यात्रेत तात्यांनी ‘कराटेवालं रेडकू’ लावला होता. कार्टूनचा पिक्चर. एक रेडकू गोठ्यात बगळ्याकडून कराटे शिकतं आणि गावातल्या गुंड बोक्यांना लोळवतं, एवढीच गोष्ट. पण माणसं अशी काही हसली की तंबूचे दोन खांब कलले. यंदा त्याचा दुसरा भाग आला. यात्रा कमिटीनं तात्यांना आधीच बजावलं, “दुसरा पहिल्याच्या बरोबरीचा असला तरच जागा. नाहीतर तो फटफट्यांचा मौत का कुवावाला जागेसाठी कधीचा मागं लागलाय.”

ही यात्रा हातची गेली तर तात्यांना तंबू कायमचा गुंडाळावा लागणार होता. तीस वर्षांचा तंबू हो.

दुसरा भाग तालुक्याला चालू होता, पण तात्यांची नेमकी कंबर धरलेली. शेवटी त्यांनी गेनूला धाडलं. “पहिल्याच्या बरोबरीचा आहे का, नीट तोलूनमापून बघ आणि ये.”

गेनू गेला आणि दुपारीच परत आला.

“बरोबरीचा आहे, तात्या. तंतोतंत.”

“शाब्बास. हसू आलं का?”

“हसायचं काय त्यात? तिथल्या मशीनवाल्याकडून रिळांचे डबे मागून घेतले आणि वाण्याच्या काट्यावर ठेवले. पहिल्याचे डबे मीच उचलत होतो की. वजन माझ्या पाठीला पाठ आहे.”

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे गाढवा, पिक्चर डब्यात बघायचा नसतो. लोकांच्या तोंडाकडे बघायचं. तिथं सगळं कळतं.”

दुसऱ्या दिवशी गेनू बॅटरी घेऊन गेला. पडद्याकडे पाठ करून उभा राहिला आणि एकेकाच्या तोंडावर उजेड मारत सगळ्या रांगा तपासल्या.

“काय कळलं?” तात्यांनी विचारलं.

“पुढच्या रांगेत एकाला खालचे दात नाहीत. मागं एकजण तंबाखू गिळून बसला होता.”

“अरे, हसत होते का लोक?”

“हसत होते. मी बॅटरी मारली की थांबायचे.”

तात्यांनी बॅटरी काढून घेतली. मग म्हणाले, “हे बघ गेनू. बॅटरी नको, काही नको. गुमान लोकांत बसायचं. शेजारचा करील ते करायचं. तो हसला की हसायचं, उठला की उठायचं. आणि तो का हसला ते मला येऊन सांगायचं.”

तिसऱ्या दिवशी गेनू संध्याकाळ झाली तरी परतला नाही. आला तेव्हा कपाळाला टेंगूळ.

“शेजारी एक गृहस्थ होते, तात्या. मांडीवर लहान पोर. पोर रडायला लागलं, तसे ते उठले. मग मीपण उठलो. ते घरी गेले, मी घरी गेलो. त्यांनी पाय धुतले, मी धुतले. ते पाटावर बसले, मी बसलो. पिठलं झकास होतं.”

“आणि तो काही बोलला नाही?”

“बोलले की. म्हणाले, ‘पाव्हणं, कुठले तुम्ही?’ मग मीपण म्हणालो, ‘पाव्हणं, कुठले तुम्ही?’ मग त्यांनी काठी घेतली.”

“आणि तू?”

“घरात एकच होती.”

आता दिवस उरले नव्हते. तात्यांनी दोन्ही भागांचे डबे मागवले आणि कमिटीलाच तंबूत बोलावलं. दुसरा भाग बघा आणि तुम्हीच ठरवा म्हणाले. तंबूचा मशीनवाला नारळ फोडायला देवळात गेला होता. जाता जाता तात्या गेनूजवळ सहज पुटपुटले, “खरं तर दोन्ही शेजारी ठेवून बघायला पाहिजेत. तेव्हा कळतं डावं-उजवं.”

तात्या कमिटीला चहा द्यायला पुढं गेले. गेनूनं दोन मशीनवर दोन भाग चढवले आणि दोन्ही एकदम सोडले. पडदा एकच. त्यावर एक रेडकू गोठ्यात बगळ्याच्या पाया पडत होतं आणि दुसरं भरबाजारात लाथा झाडत होतं. प्रत्येक लाथ बगळ्याला बसत होती. तरी बगळा आशीर्वादच देत होता.

कमिटीचे अध्यक्ष रंगराव अण्णा पोट धरून खुर्चीवरून खाली आले. “तात्या, जागा तुमची. असला पिक्चर उभ्या जन्मात बघितला नाही.”

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ते थेट मशीनजवळ गेले आणि गेनूचा कान धरला. “नशिबानं वाचलो. यात्रेत असलं चालायचं नाही. एका वेळी एकच. एक पुरा होईस्तोवर दुसऱ्याला हात लावायचा नाही. म्हण.”

गेनूनं तीनदा म्हटलं. मनापासून म्हटलं.

यात्रेचा पहिला खेळ. तंबूपासून विहिरीपर्यंत रांग. तात्या स्वतः मशीनवर, गेनू दारावर. घंटा झाली, पडदा उजळला, रेडकानं पहिली लाथ मारली. तंबूत चिडीचूप. रेडकू बोक्यांच्या ढिगात पडलं. चिडीचूप. तात्यांना घाम फुटला. पडला की हो दुसरा भाग! मेलो आता! कंबर धरून ते धावत पुढं आले.

तंबूत एकटी भागूमावशी बसली होती.

“गेनू, लोक कुठायत?”

“बाहेर होते, तात्या. मी सांगितलं, एका वेळी एकच. मावशींचं पुरं होईस्तोवर दुसऱ्याला घ्यायचं नाही. तर गेले सगळे मौत का कुव्यात.”

तात्या मावशींच्या शेजारी मटकन बसले. सगळं गेलं होतं. निदान एक तरी गोष्ट कळावी म्हणून त्यांनी विचारलं, “मावशी, खरं सांगा. पहिल्याच्या बरोबरीचा आहे का हो?”

“मला काय ठाऊक, बाबा? पहिला मी कुठं बघितलाय?”

हे ऐकलं आणि गेनूनं जाऊन मशीन बंद केलं, दुसरा भाग उतरवला आणि मावशींसाठी पहिला चढवला.