आसुडाने सुधारलेल्या कवड्या

शिरंबगडच्या महाराजांचं ठाम मत होतं, "शाबासकी दिली की तिरंदाजाचा नेम दुसऱ्या दिवशी बिघडतो, आसूड ओढला की सुधारतो. अनुभव आहे आमचा!" तो अनुभव सिदोजी तिरंदाजाच्या पाठीवर उमटलेला होता.

एकदा सोंगट्या खेळताना महाराजांना अगदीच हलकं दान पडलं. सिदोजीने त्यांचाच आसूड उचलून कवड्यांवर ओढला. पुढचं दान बरं पडलं.

"बघा महाराज, कवड्याही सुधारल्या!"

"मूर्खा, इतकं वाईट दान लागोपाठ थोडंच पडतं? मारलं नसतंस तरी पुढचं बरंच पडलं असतं."

"माझ्या नेमाचंही तेच होतं, महाराज. फक्त कवड्यांना पाठ नसते."

महाराज खदखदून हसले. त्यांनी सिदोजीला सोन्याचं कडं दिलं. मुजऱ्याला वाकताना त्याच्या पाठीवरची खपली पुन्हा उकलली.